सदतीसला एक: इगतपुरीच्या घाटातली एक पहाट

जुलैतली पहाट, साडेचारचा सुमार. कसाऱ्याला बावीस डब्यांची मेल उभी होती आणि आम्ही मागून बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन, घेऊन तिच्याकडे सरकत होतो. दोन वॅग-७ जातीची विजेची इंजिनं एकत्र जोडलेली, दोन्हींचा हुकूम एकाच कॅबमधून. शेवटच्या डब्याच्या अलीकडे पूर्ण थांबायचं, मग पॉइंट्समननं हात दाखवला की माणसाच्या चालीनं जाऊन कपलर लावायचा. लागल्यावर एक हलका हिसका देऊन तो खरंच अडकला की नाही ते बघायचं. त्यानंतर बीपी (ब्रेक पाइप) आणि एफपी (फीड पाइप) या हवेच्या नळ्यांचे होस जोडायचे, दोन्हींचे अँगल कॉक, म्हणजे तोट्या, उघडायचे आणि कॅबमधल्या गेजवर बीपी ५ किलो, एफपी ६ किलो दिसेपर्यंत थांबायचं. टेल लॅम्प आता डब्यावर नाही, शेवटच्या इंजिनावर. ब्रेकची ताकद पुढच्या इंजिनाच्या हातात राहते. बँकरमधून गाडीचे ब्रेक सोडता येत नाहीत, पण गरज पडली तर लावता येतात. ही तजवीज मुद्दाम केलेली आहे. दोन ठिकाणांहून ब्रेक सुटायला लागले तर घाटात गाडी कुणाचीच राहणार नाही.

कसारा ते इगतपुरी अंतर पंधराएक किलोमीटर आणि चढ तीनशे मीटरच्या आसपास. सर्वांत कडक ठिकाणी चढ सदतीसला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. आमच्या गाडीपुरता हिशोब असा: डबे ११०० टन धरा, तिन्ही इंजिनं प्रत्येकी १२३ टनांची, एकूण १४७० टनांच्या आसपास. या चढावर दर टनामागे २७ किलोचं ओझं मागं ओढतं, म्हणजे नुसतं उभं राहायला ४० टनांची ताकद हवी. वळणाचा आणि चाकांचा विरोध धरला तर ४५ च्या पुढे. कोरड्या रुळावर इंजिनाची चाकं त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकी पकड सहज देतात. घाटात पाऊस, ओली पानं, बोगद्यातलं पाझरतं पाणी असेल तर पंधरा टक्क्यांवर समाधान मानायचं. तिघांची मिळून ५५ टन. पुढच्या एकट्या इंजिनाचे होतात अठरा. बँकर का लागतो याचं उत्तर इथेच संपतं.

पुढचा हॉर्न एकदा आखूड वाजला, आमचा एकदा आखूड गेला आणि निघालो. अर्धा घाट ठीक गेला. एका बोगद्याच्या अलीकडे वॉकीटॉकीवर आवाज आला, "बँकर, उभं करतोय. पेट्रोलमन लाल दाखवतोय."

पावसाळ्यात घाटात रात्रभर गस्त असते. पेट्रोलमनकडे हातदिवा, फटाके (रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे) आणि छत्री. बोगद्याच्या तोंडाशी कड्यावरून एक दगड घरंगळून रुळाला टेकून बसला होता. पावसाळ्याआधी हिल गँग कड्यांवर दोर बांधून चढते आणि सुटे झालेले दगड आपणहून खाली पाडते. बोल्डर स्पेशल त्यांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन घाटात फिरते. तरी पाऊस मातीतून शिरतो आणि चार-दोन दगड उरतातच. हा दगड पहारी लावून बाजूला करायला तीन-चार माणसं लागली. तेवढा वेळ आम्ही वळणावर, सदतीसच्या चढावर, उभे.

उभं राहणं सोपं असतं. निघणं अवघड.

अशा वेळी दोन चुका जिवावर येतात. पुढच्यानं आधी जोर लावला आणि मागचा सुस्त राहिला, तर कपलरवर सगळा ताण येऊन गाडी तुटू शकते. उलट मागच्यानं जास्त रेटलं आणि पुढचे ब्रेक अजून लागलेले असले, तर वळणावर डबे दाबले जाऊन चाक रुळावर चढू शकतं. म्हणून आम्ही हळूहळू डबे एकमेकांत दाबून घेतो, पण जोर पुरता लावत नाही. पुढून ब्रेक सोडले की हवा पुढच्या डब्यांत आधी भरते, शेवटच्यात सर्वांत उशिरा. हे पुढच्या ड्रायव्हरला कळत नाही, मागच्या गेजला कळतं. माझ्या शेजारचा असिस्टंट गेजवर बोट टेकवून आकडे सांगत होता, "चार तीन... चार सहा... साडेचार झाले साहेब, पुन्हा पडले."

साडेचारवर थांबून पडलं म्हणजे कुठून तरी हवा गळत होती किंवा पुढच्यानं ब्रेक पुन्हा लावला. पुढच्यानंच लावला होता. त्याची चाकं घसरली, म्हणून त्यानं घाईनं गाडी धरली. बरोबर केलं त्यानं.

दुसऱ्या वेळी एक नॉच (जोराची पायरी), दोन, तीन, चार. अँपियर सहाशेपर्यंत गेले आणि गाडी जागची हलेना. तेवढ्यात स्लिपचा दिवा पेटला. चाक घसरलं की वेग एकदम चढतो आणि करंट पडतो, तेव्हा नॉच वाढवायचा मोह होतो. तो आवरून एक नॉच कमी करायचा, पायातलं सँडर (वाळू सोडणारं पेडल) दाबायचं आणि वाळू रुळावर पडेपर्यंत श्वास रोखून थांबायचं. वाळू कोरडी असली तरच तिचा उपयोग. ओली वाळू नळीतच गोळा होऊन बसते, म्हणून ती भट्टीत वाळवून, चाळून भरतात. आणखी एक चूक म्हणजे गाडी हलत नसताना करंट धरून ठेवणं. मोटर फिरत नाही, करंट देणारे ब्रश कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) त्याच पट्ट्यांवर बसून राहतात आणि त्या जळतात. मोजून काही सेकंद धरायचं, नाही हलली तर सोडायचं.

तिसऱ्या वेळी आधी चाकांखाली वाळू, मग नॉच. बीपी पाचला टेकलं आणि बाहेरचा खांब खिडकीत हळूच सरकला. असिस्टंट हसला. मी हसलो नाही, कारण पुढच्या वळणावर पाणी रुळावरून वाहत होतं.

इगतपुरीला दोन्ही अँगल कॉक आधी बंद केले, मगच होस काढले. उलट क्रमानं केलं तर ५ किलोच्या दाबानं होस उसळतो आणि मनगट जातं.

हे गाव आहे ते या चढामुळे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या इंजिनियर जेम्स बर्कलेनं आखलेल्या या घाटाचं काम १८६५ च्या १ जानेवारीला पूर्ण झालं, ते बघायला तो राहिला नव्हता, १८६२ मध्येच गेला. गंमत अशी की १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत खालून रेल्वे आली आणि त्याच वर्षी इगतपुरीहून नाशिककडेही गाड्या धावू लागल्या. मधला घाट तेवढा चार वर्षं बैलगाडीचा. ऐहेगावचा पूल १८२ फूट उंच, आजही महामार्गावरून जाणारा माणूस मान वळवून बघतो. सुरुवातीला घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी एकदा तोंड फिरवून मग वर चढायची.

वाफेच्या इंजिनाला चढ चढून आल्यावर पाणी हवं, म्हणून रेल्वेनं तलाव केला. ड्रायव्हरांना राहायला बंगले, त्यांच्यासाठी चर्च आणि इन्स्टिट्यूट. कॉलबॉय वही घेऊन मध्यरात्री दारं ठोठावायचा, आता त्याचं काम मोबाइल करतो. १९३० मध्ये १५०० व्होल्टची डीसी वीज आली आणि तिच्यासोबत बाजूच्या दांड्यांनी लटपटत चालणारी 'खेकडा' इंजिनं. साठच्या दशकाच्या अखेरीस पलीकडून २५,००० व्होल्टची एसी वीज आली. मग इगतपुरी हे दोन विजांच्या सीमेवरचं स्टेशन झालं. मुंबईकडून आलेलं डीसी इंजिन इथं सुटायचं, एसी इंजिन लागायचं, आणि तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवर वडापाव खपायचा. २००६ च्या सुमारास घाटातही एसी झालं आणि ते थांबणंही उरलं नाही. १९७६ पासून विपश्यनेला येणारी माणसं बॅगा घेऊन उतरतात, गप्प. गावाला दोन्ही प्रकारचे पाहुणे माहीत आहेत, थांबणारेही आणि न बोलणारेही.

आम्ही यार्डात उभे होतो. लाइट इंजिन (डब्यांशिवाय एकटं इंजिन) म्हणून कसाऱ्याला उतरायला मार्ग मिळत नव्हता. आठच्या पुढे शिर्डीची वंदे भारत समोरून गेली, बँकरशिवाय. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत, त्यामुळे पकड एका इंजिनावर अवलंबून राहत नाही. दिल्लीची राजधानीही २०१९ पासून पुढे-मागे इंजिन लावून चढते, कसाऱ्याला बँकरसाठी थांबत नाही.

असिस्टंटनं वाळूची पेटी उघडून हात घातला. "साहेब, अर्धीच राहिली." मास्तरांना सांगून भरून घेतली आणि सव्वानऊला सिग्नल पडला.