ड्युअल एन्रोलमेंटवरून यूसी ट्रान्सफर: फ्रीमाँट ते डेव्हिस, काय खरं नि काय थापा

लेकीचं डेव्हिसचं, म्हणजे यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एका कॅम्पसचं, ॲडमिशन झालं, आता सगळं लिहून काढतो, कारण याच वर्षी अजून कितीतरी जण त्याच खड्ड्यात जाणार आहेत.

बे एरियातल्या आपल्या मराठी पालकांत एक गोष्ट अगदी छातीठोकपणे सांगितली जाते: हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे ६० युनिट (म्हणजे क्रेडिट) करून टाका (यालाच ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात), हायस्कूल संपलं की पोरगं ट्रान्सफर म्हणून थेट यूसीच्या तिसऱ्या वर्षाला. आम्हाला हेच एका कन्सल्टंटने सांगितलं आणि त्याचे चार आकडी डॉलर घेतले. साफ खोटं आहे. हायस्कूलमध्ये असताना, किंवा त्यानंतरच्या लगेचच्या उन्हाळ्यात, कितीही कॉलेज युनिट केले तरी यूसीच्या लेखी तुम्ही फ्रेशमनच, म्हणजे पहिल्या वर्षाला येणारे. ट्रान्सफर व्हायचं तर हायस्कूल संपल्यावर कॉलेजच्या नेहमीच्या टर्मला, म्हणजे फॉलला वगैरे, नाव घालावंच लागतं, आणि एकदा तसं केलं की फ्रेशमनचा दरवाजा बंद. हा निर्णय घरात बसून, नीट बोलून घ्या.

मग आधीचे युनिट फुकट गेले का? अजिबात नाही, खरा फायदा इथेच आहे. ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, ट्रान्सफरला ६० सेमिस्टर (वर्षात दोन टर्म असतात ते) किंवा ९० क्वार्टर (वर्षात तीन टर्म असतात ते) ट्रान्सफरेबल, म्हणजे यूसी धरते असे, युनिट लागतात. त्यातले अर्धे हायस्कूलमध्येच झाले असतील तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं एका वर्षावर येतात. शिवाय टॅग, म्हणजे खात्रीच्या ॲडमिशनचा करार, १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा असतो आणि तोपर्यंत साधारण ३० सेमिस्टर युनिट हातात असावे लागतात; ते हायस्कूलमध्येच झाले असतील तर पहिल्याच फॉलला भरता येतो. टॅग सहाच कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. मेजरप्रमाणे (मुख्य विषयाप्रमाणे) अटी बदलतात, सांता बार्बराचं इंजिनिअरिंग तर टॅगमध्ये नाहीच, त्यामुळे प्रत्येक कॅम्पसचं पान वाचाच.

आता कॅल्क्युलस. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण आमची सगळी झोप यानेच उडवली. त्याच कन्सल्टंटने सांगितलं की जिथे सीट मिळेल तिथे कोर्स घ्या, सगळी कम्युनिटी कॉलेजं सारखीच. त्यामुळे पहिला भाग क्वार्टरवाल्या कॉलेजात, पुढचा सेमिस्टरवाल्या. पण क्वार्टरमध्ये जे तीन तुकड्यांत शिकवतात ते सेमिस्टरमध्ये दोनात असतं, मध्येच उडी मारली की काही धडे दोनदा येतात नि काही येतच नाहीत. ट्रान्सफर सेंटरमधल्या काउन्सेलर बाईंनी असिस्टची साइट (कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो ते दाखवणारी) उघडली, दोन्ही कॉलेजं आणि मेजर टाकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. डाव्या बाजूला यूसीचा कोर्स, उजव्या बाजूला नुसतं "नो कोर्स आर्टिक्युलेटेड", म्हणजे त्याऐवजी चालणारा कोर्सच नाही. पुढे सीरिज एकाच कॉलेजात पहिल्यापासून करावी लागली आणि त्याच विषयाचे युनिट दोनदा धरत नाहीत. लेकीचा तो अख्खा उन्हाळा गेला आणि हे सगळं टाळता आलं असतं याचाच जास्त राग येतो. म्हणून गणित, फिजिक्स, केमिस्ट्री यांची सीरिज ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा, मग वेळ गैरसोयीची असो की पार्किंग लांब असो. असिस्ट फुकट आहे, पहिला कोर्स घ्यायच्या आधी उघडा.

एपीचंही (हायस्कूलमध्येच होणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) तसंच, एपी कॅल्क्युलसचं क्रेडिट आणि तोच कॉलेजचा कोर्स असे दोन्ही मोजत नाहीत.

सायकॉलॉजी, हिस्टरी वगैरे मजेत झाले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. इंग्लिशचं मात्र बघा. दोन कॉम्पोझिशनचे कोर्स सी किंवा वर हवेत, आणि हायस्कूलच्या मुलांना रजिस्ट्रेशनमध्ये बहुधा सगळ्यात शेवटी नंबर लागतो, तोवर इंग्लिशचे क्लास भरलेले असतात. त्यामुळे वेटलिस्टवर नाव टाकून पहिल्या दिवशी क्लासला हजर राहायचं. प्रत्येक टर्मला शाळेची आणि पालकांची सही असलेला फॉर्म लागतो, तो आधीच काढून ठेवा.

पोरगं अभ्यासू आहे हे मी धरून चाललोय. तसं नसेल तर दहावीत कॉलेजचे कोर्स लादू नका, कारण ते ग्रेड कायमचे राहतात, ट्रान्सफरच्या जीपीएमध्ये धरले जातात, नुसता डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण, सुद्धा ट्रान्सक्रिप्टवर दिसतो.

पैशाचं म्हणाल तर हायस्कूलमध्ये असताना बहुतेक ठिकाणी युनिटची फी माफ, नंतर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर. कन्सल्टंटला दिले त्यात एक अख्खी टर्म निघाली असती. काउन्सेलरची अपॉइंटमेंट फुकट असते आणि आम्हाला जी काही खरी माहिती मिळाली ती तिथेच. कन्सल्टंट अजिबात घेऊ नका.

आणि एक, जितक्या कॉलेजांत एखादासुद्धा कोर्स केला असेल त्या सगळ्यांची नावं अर्जात टाका, ट्रान्सक्रिप्ट सगळीकडून पाठवा. नववीत घेतलेला एक युनिटचा कोर्ससुद्धा धरा. एखादं कॉलेज लपवलेलं निघालं तर हातात आलेलं ॲडमिशन रद्द करतात.