माळ्यावरची केबल
आज दिवसभर देवगडच्या घरी माळ्यावर होतो. इंटरनेटची जुनी कॅट ५ केबल काढून तिच्या पुढच्या दर्जाची कॅट ६ ओढली. चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वायफायचं काही चालत नाही, वायरच हवी. जुना प्लग कापला, तर आतलं तांबं खाऱ्या हवेनं हिरवं पडलेलं. आठातल्या दोन तारा बोट लावताच तुटल्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला, तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, नाहीतर गाडी १०० एमबीपीएसवरच. या वेळी शुद्ध तांब्याचीच घेतली. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण समुद्राकाठी नकोच.

आईनं खालून सुंभाला केबल बांधून दिली, मी वर ओढत गेलो. संध्याकाळी लॅपटॉपवर १००० दिसलं. आई म्हणाली, "नातवाला फोन लाव आधी."