नायगाराच्या वाटेवरचे बफेलो

नायगारा पाहायला निघालेली बरीच मराठी मंडळी बफेलोच्या विमानतळावर उतरतात आणि शहराकडे न वळता थेट धबधब्याचा रस्ता धरतात. धबधबा आम्हीही पाहिला. तो भव्य आहे, गर्दीही अफाट आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. माझ्या मनात घर केले ते मात्र बफेलोच्या पूर्व भागातील ब्रॉडवे-फिलमोर या वस्तीतल्या एका गल्लीने.

बफेलो हे ईरी सरोवराकाठचे बंदर. १८२५ मध्ये या सरोवराला हडसन नदीशी जोडणारा ईरी कालवा खुला झाला आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेचा गहू याच बंदरातून न्यूयॉर्ककडे जाऊ लागला. पुढे पोलादाचे कारखाने आले, त्यांच्यामागून पोलिश कामगार आले आणि १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,८०,१३२ भरली. १९५९ मध्ये सरोवरांना थेट समुद्राशी जोडणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाल्यावर धान्याच्या बोटी परस्पर समुद्राकडे जाऊ लागल्या, १९८० च्या दशकात शेजारच्या लॅकवॉनाची पोलादभट्टी थंडावली आणि २०१० पर्यंत शहरात अवघे २,६१,३१० लोक उरले.

हे आकडे मी आधी वाचले होते. त्यांचा अर्थ त्या गल्लीत कळला. दोन लाकडी घरांमध्ये एक मोकळा भूखंड, पुन्हा एक घर, पुन्हा मोकळी जागा. एका ठिकाणी पदपथापासून वर चढणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या तेवढ्या शिल्लक होत्या, पलीकडे नुसते गवत. त्याला लागूनच्या भूखंडावर मात्र काठ्या आणि सुतळी बांधून दुधीचा मांडव घातला होता आणि हातभर लांबीचे दुधी लोंबत होते. मी थबकलेली पाहून घरमालकांनी हिंदीतून चौकशी केली आणि आग्रहाने आत बोलावले. ते मूळचे बांगलादेशातील सिल्हेटचे. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवत असत. "तिथे सारी कमाई भाड्यातच जायची," ते म्हणाले. घर घेतले तेव्हा छप्पर गळत होते आणि तांब्याचे नळ चोरांनी भिंती फोडून नेले होते. भावांनी मिळून एकेक खोली राहण्याजोगी केली. त्यांच्या पत्नीने दिलेला आल्याचा चहा आणि गरम पिठे (तांदळाच्या पिठाचा बंगाली खाद्यपदार्थ) यांच्यासारखे आतिथ्य मला त्या प्रवासात अन्यत्र लाभले नाही.

२०२० च्या जनगणनेत बफेलोची लोकसंख्या २,७८,३४९ झाली. सत्तर वर्षांनंतर ती पहिल्यांदाच वाढली होती. या वाढीत बांगलादेशी कुटुंबांचा आणि म्यानमार, सोमालिया, काँगो येथून आलेल्या निर्वासितांचा मोठा वाटा आहे. काही ओस पडलेल्या पोलिश चर्चच्या इमारतींत आता मशिदी भरतात. नूतनीकरण केलेला कालव्याचा काठ पर्यटकांना कौतुकाने दाखवला जातो. माझ्या मते शहर खरोखर सावरते आहे ते या गल्ल्यांमध्ये.

तरीही येथे चारांतील एकाहून अधिक माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत, आणि मेन स्ट्रीटच्या पूर्वेकडील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना १९६० च्या दशकातील द्रुतगती मार्गाने मधोमध चिरले, ती जखम आजही उघडी आहे. नोकऱ्या उपनगरांत सरकल्या, वाहतूक मात्र त्यांच्यामागे गेली नाही. यजमानांचा मुलगा ॲमहर्स्ट या उपनगरातील, बफेलो विद्यापीठाच्या उत्तर परिसरात शिकतो; शहरातील एकुलता एक मेट्रोमार्ग विद्यापीठाच्या शहरातील दक्षिण परिसरापाशीच संपतो, म्हणून त्याला तिथून पुढे बस धरावी लागते. मार्ग वाढवण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे आणि हिवाळ्यात, ईरी सरोवरावरून येणाऱ्या हिमवादळांत, थांब्यावर तिष्ठणाऱ्या मुलांसाठी ती लवकर तडीस जायला हवी.