आतून उघडणारे दार

माझे मूळ गाव वेंगुर्ल्याकडचे. गेली बावीस वर्षे मात्र गोव्यात रायबंदरला मांडवीच्या काठी माझे सुतारकाम चालते. काम बहुतेक घरांचे असते, म्हणजे सागवानी चौकटी, खिडक्या आणि देवघरे. समोरच्या दिवाडी बेटावरच्या यार्डात नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २०१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हापासून शिडाच्या नौकांविषयी मला फार आदर वाटत आला आहे. त्यामुळे व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेल्या एका कप्तानसाहेबांनी आपल्या तीस फुटी फायबरच्या यॉटचे दार करायला सांगितले, तेव्हा मी ते काम आनंदाने घेतले.

अशा नौकेत केबिनमध्ये उतरण्याच्या तोंडाला कम्पॅनियनवे म्हणतात. वर एक सरकते झाकण असते आणि उभ्या बाजूला, दोन्हीकडच्या खाचांत वरून एकेक सोडायच्या आडव्या फळ्या असतात. त्यांना वॉशबोर्ड म्हणतात. साहेबांच्या नौकेच्या फळ्या कुजल्या होत्या, शिवाय रोज त्या काढून कुठे ठेवायच्या हा त्यांच्या घरच्या मंडळींचा प्रश्न होता. म्हणून, “मेस्त्री, नदीतल्या नदीत फिरायचे आहे, दोन झडपांचे दारच करा,” असे त्यांनी सांगितले. मी जुन्या सागाचे दार केले. कूस-साळीचे जोड इतके घट्ट बसले की ठोकळ्याने ठोकूनच बसवावे लागले. पावसाळ्यात लाकूड फुगते हे ठाऊक असल्यामुळे दोन झडपांमध्ये दोन मिलिमीटरची फट मात्र मी आठवणीने ठेवली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. नौका नदीत बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेली होती. माझा एकोणीस वर्षांचा भाचा आत बसून डाव्या झडपेचे बोल्ट लावत होता आणि मी बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे केबिनच्या तोंडासमोरच्या उघड्या बसायच्या जागेत, कडी बसवत होतो. कडी म्हणजे एका झडपेवरच्या स्क्रूभोवती फिरणारी आणि दुसऱ्या झडपेवरच्या आकड्यात पडणारी पितळी पट्टी होती. शेवटचे चार स्क्रू कमी पडले. नौका झुलत असल्यामुळे वरचे झाकण पुढेमागे सरकू नये म्हणून मी त्याची बाहेरची खिटी लावली, झडपा टेकवल्या, पट्टी उभी करून ठेवली आणि छोट्या होडीतून स्क्रू आणायला काठावर गेलो.

दुकानात वेळ गेला. परतताना एक बार्ज नदीतून गेला आणि त्याच्या लाटांनी माझी होडीही चांगलीच हलली. यॉटजवळ पोहोचलो तेव्हा आतून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्याचा आवाज येत होता, आणि तो संथ होता, थकलेल्या माणसाने ठोकावे तसा. पितळी पट्टी आकड्यात जाऊन पडली होती. डेकवरची पुढची खिडकी गळते म्हणून ती आधीच सिलिकॉनने बंद केलेली होती, हे मला माहीत होते, पण जाताना त्याचा विचार मनात आला नव्हता.

दार उघडले तेव्हा भाचा पायरीवर गुडघे टेकून, त्या दोन मिलिमीटरच्या फटीला तोंड लावून बसलेला होता. त्याच्या कपाळावर लाकडाच्या कडेची उभी रेघ उमटली होती आणि सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. मेमधल्या दुपारच्या उन्हात बंद फायबरच्या केबिनमध्ये तो सुमारे पस्तीस मिनिटे अडकून पडला होता. “मामा, मी हाका मारत होतो,” एवढेच तो बोलला. मी त्याला पाणी पाजले, डोके ओले केले आणि काठावर आणून सावलीत निजवले. माझे हात त्यानंतर बराच वेळ थरथरत होते. घराला दोन दारे असतात, खिडक्या असतात, शेजारी असतात. नौकेच्या केबिनला त्या दिवशी एवढेच एक तोंड होते आणि ते मी बाहेरून बंद केले होते.

संध्याकाळी कप्तानसाहेब घरी आले. “मला ठाऊक असूनही मी सोय पाहिली, मेस्त्री,” असे म्हणून त्यांनी १९७९ च्या फास्टनेट शर्यतीची हकिकत सांगितली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याच्या त्या शर्यतीत ऑगस्टच्या वादळाने ३०३ नौकांच्या ताफ्याला गाठले आणि १५ स्पर्धक दगावले. कित्येक नौका लाटांनी पूर्ण आडव्या किंवा उलट्या झाल्या, तेव्हा खाचांतल्या फळ्या निसटून गेल्या आणि उघड्या तोंडातून पाणी आत शिरले. याला खाचांची घडणही कारण होती. पुष्कळ नौकांत हे तोंड वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे फळी थोडीशी वर उचलली गेली की खाचेतून मोकळी होते. फळ्या दोरीने नौकेला बांधलेल्या असाव्यात, झाकण उघडे असतानाही त्या जागेवर अडकून राहाव्यात आणि नौका उलटली तरी हे तोंड आतून तसेच बाहेरून उघडता यावे, असे खोल समुद्रातल्या शर्यतींचे नियम आहेत. साहेबांच्या नौकेचे तोंडही तसेच निमुळते होते.

दुसऱ्या दिवशी मी दार उतरवले. नव्या फळ्या अठरा मिलिमीटरच्या मरिन प्लायच्या केल्या, कारण प्लाय हवेतल्या ओलाव्याने सागासारखा आडवा फुगत नाही. त्याच्या कडा मात्र इपॉक्सी पाजून बंद कराव्या लागतात, नाहीतर पाणी थरांत शिरते. दोन फळ्या जिथे एकमेकींवर बसतात तिथल्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या तासल्या, म्हणजे पाणी आत न झिरपता बाहेर ओघळते. पितळ मी पूर्ण वर्ज्य केले. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि लालसर, ठिसूळ धातू उरतो, त्यामुळे सगळे सामान ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. प्रत्येक फळीला सरकबोल्ट लावला आणि त्याचा खटका फळीला आरपार भोक पाडून दोन्ही बाजूंना काढला. प्रत्येक फळीला दोरी बांधली आणि दोरीचे दुसरे टोक केबिनच्या आतल्या कडीत अडकवले. झाकणाची बाहेरची खिटी काढून तिच्या जागी आतबाहेर दोन्हीकडून फिरणारी बसवली. पुढच्या खिडकीचे सिलिकॉन खरवडून तिला नवे रबर घातले.

नौका बोयाला असताना हवा खेळावी म्हणून कापडी पडदाही हवा होता. तो माझ्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, शिवला. ती पणजीत हॉटेलांच्या कनाती आणि छपऱ्या शिवते. उन्हापावसात टिकणारे ॲक्रिलिकचे कापड आणि पॉलिस्टरचा दोरा तिने वापरला, कारण साधा सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो. वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून खालच्या दुमडीत तिने मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओवल्या. चेन निवडताना मात्र तिने दुकानदाराला तीनदा माघारी पाठवले. दोन्ही बाजूंनी ओढता येणारी मिळाली तेव्हाच घेतली. मला ती काहीही बोलली नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी चाचणी घ्यायची होती. भाच्याला मी आत जायला सांगणार नव्हतो, म्हणून मीच आत गेलो. साहेबांनी बाहेरून तिन्ही फळ्या सोडल्या, बोल्ट सारले, झाकण ओढून घेतले आणि खिटी फिरवली. आत अंधार झाला, आणि दोन मिनिटांत मानेवरून घामाची धार लागली. मी हात वर करून खिटी चाचपली, ती फिरवली आणि झाकण मागे सारले. मग वरच्या फळीचा खटका ओढून फळी उचलली आणि बाहेर ढकलली. दोरीच्या लांबीएवढी जाऊन ती कॉकपिटमध्ये लोंबत राहिली. मी डोके बाहेर काढले तेव्हा भाचा फळीजवळच बसला होता आणि दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहत होता.