पोखरलेल्या खांबाचं काय करायचं?

जुन्या लाकडी वास्तूच्या दुरुस्तीचं बोलावणं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फवारणी कधी करणार?" माझं उत्तरही ठरलेलं, आधी छपरावर चढू द्या. पन्हळ कुठे गळतेय, भिंतीतली ओल कुठवर चढलीय, खांबाचा तळ कशावर टेकलाय, हे बघितल्याशिवाय मी औषधाच्या डब्याला हात लावत नाही. ओल तशीच ठेवून मारलेलं औषध म्हणजे खर्चाला निमंत्रण.

कीड कोणती हे ओळखायला पुस्तक लागत नाही, खाली पडलेला भुसा चिमटीत धरायचा. पिठासारखा मऊ, कणच लागत नसेल तर तो लिक्टस भुंगेरा. किंचित खरखरीत लागला आणि भोकं १-२ मिलिमीटरची, गोल असली तर फर्निचर बीटल. सहा कडांचे बारीक दाणे दिसले तर कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीची गरज नसते. जमिनीतून येणारी वाळवी मात्र मातीच्या नळ्या बांधत चढते, तिचा माग काढणं सोपं.

लिक्टसच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. त्याला हवा असतो सालीजवळच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च, आणि तो काही वर्षांत सरतो. शंभर वर्षांच्या तुळईवर त्याची भोकं दिसली तर ती बहुतेक वेळा तुळई नवी होती तेव्हाची. त्यांच्यावर औषध मारणं म्हणजे केव्हाच घर सोडून गेलेल्या भाडेकरूला नोटीस धाडणं.

भोकं जिवंत आहेत का, हे बघायला मी त्यांच्यावर पातळ टिश्यू कागद चिकटवतो आणि तारीख टाकतो. भुंगेरे बाहेर पडायचा मोसम आला की नवा किडा कागद फोडून निघतो. पण एका वर्षी कागद शाबूत राहिला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. डेथवॉच बीटल या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी लाकडात दहा-दहा वर्षं काढू शकते.

याच किड्याने लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर जवळजवळ खाली आणलं होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, राजा दुसऱ्या रिचर्डच्या काळात उभारलेलं ओकचं छप्पर ते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तपासणी झाली तेव्हा तुळया आतून पोकळ निघाल्या. वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी आत पोलादी आधार घालून छप्पर सावरलं. १९२३ पर्यंत काम चाललं. किडा मारायला बोलावलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकतज्ज्ञाच्या औषधातून पुढे, १९२५ मध्ये, रेन्टोकिल ही कीडनियंत्रणाची कंपनी निघाली. पोलादाबद्दल नाकं मुरडणारे आमच्या धंद्यात बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्या पोलादामुळेच मूळ ओक आजही वर आहे.

आता प्रत्यक्ष काम. खांब ठोकत वर जायचं. भरीव लाकूड टणटणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. आवाज बदलला तिथे दाभण टोचायचं. मुठीपर्यंत सहज गेलं तर ते लाकूड संपलं. बहुतेकदा हे तळाशीच सापडतं, कारण पाणी तिथे साचतं. वरवर भोकं पडलेलं पण गाभा शाबूत असलेलं लाकूड मी काढत नाही. भार घ्यायला गाभा पुरतो.

तळ गेलाच असेल तर खांबाला आधी टेकू द्यायचा, मग कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि तिथे नव्या लाकडाचा तुकडा सांधायचा. जपानी सुतार याला नेत्सुगी म्हणतात. त्यांचा कानावा-त्सुगी सांधा बघत बसावा असा: दोन्ही तुकडे सारख्याच आकाराचे, एकमेकांत अडकवायचे आणि मधल्या फटीत चौकोनी खुंटी ठोकायची. खुंटी जशी आत जाते तसे दोन्ही तुकडे घट्ट ओढले जातात. खिळा नाही, सरस नाही. पुढे पुन्हा दुरुस्ती करायची झाली तर खुंटी काढली की सांधा सुटतो. नवं लाकूड त्याच जातीचं, तितकंच सुकलेलं हवं. ओलं बसवलं तर आकसून सांधा उघडतो.

इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणारा सरस, भरून मोकळं होणारे भेटतात. कोरड्या, आडोशाच्या जागी ते चालतंही. पण ओल येणाऱ्या तळाशी इपॉक्सी पाणी अडवून धरतं आणि त्याला चिकटून असलेलं चांगलं लाकूड कुजायला लागतं. बोरॅक्सच्या जातीची औषधं ओलसर लाकडात खोल मुरतात, म्हणून नव्या-जुन्याच्या सांध्यावर मी ती लावतो. पावसाच्या माऱ्यात असलेल्या भागाला नाही, तिथून ती धुऊन जातात.

नव्या तुकड्यावर, डोळ्याआड राहील अशा बाजूला, दुरुस्तीचं वर्ष कोरायचं. आणि जुनी भोकं पुट्टीने बुजवून रंग देऊ नका, मालक कितीही म्हणाले तरी. बुजवायचीच झाली तर रंगीत मेणाने बुजवा. नवं भोक पडलं तर मेणावर लगेच दिसतं, आणि खाली ताजा, फिकट भुसा सांडलेला असतो.