तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्ट्रेलियात ‘रिमोट’ला, म्हणजे शहरांपासून दूरच्या वस्त्यांतल्या नोकरीला, थेट जावं का?

मिरज, नाशिक, पुण्याकडच्या नर्सेसचा प्रश्न साधारण एकाच साच्यातला असतो. ‘तिकडे आदिवासी वस्त्यांमधल्या क्लिनिकांत नर्सेस मिळत नाहीत म्हणे. पगार बरा, राहायला घरही देतात. माझं बी.एस्सी. नर्सिंग झालंय, दोन वर्षं आयसीयू केलंय. थेट तिथेच अर्ज करू का?’

थेट नको. दोन-तीन वर्षांनी मात्र जरूर जा, आणि त्याची तयारी आतापासूनच करा.

नोंदणीचं पटकन उरकते, कारण त्यावर माहितीचा सुकाळ आहे. नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्डाच्या संकेतस्थळावर आधी ‘सेल्फ-चेक’ भरायचा. भारतातलं बी.एस्सी. नर्सिंग बहुतेक वेळा ‘स्ट्रीम बी’त जातं. म्हणजे एनसीएलईएक्स-आरएन ही परीक्षा द्यायची आणि मग अ‍ॅडलेडला जाऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. नुसतं जीएनएम (नर्सिंगची पदविका) असेल तर गाडी बहुधा इथेच अडते, आधी पदवी पूर्ण करावी लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात सात हवेत, लेखनाला मार्च २०२५ पासून साडेसहा चालतात. गेल्या पाच वर्षांत ४५० तास नर्सिंग केलेलं असावं लागतं, म्हणून ‘अभ्यासासाठी नोकरी सोडते’ म्हणण्याआधी तारखा मांडून बघा. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या झटपट मार्गाची बातमी आपल्याकडे खूप फिरली. तो ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन आणि कॅनडाच्या दोन प्रांतांत नोंदणी असलेल्यांसाठी आहे, भारतातल्या नोंदणीवर तो मिळत नाही. मात्र तुम्ही सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये परीक्षा देऊन नोंदणी घेतली असेल आणि तिथे १,८०० तास भरले असतील, तर तुमची केस त्यात बसते का ते तपासून घ्या.

आता थेट का नको ते. नॉर्दर्न टेरिटरीतल्या एखाद्या कम्युनिटीत (वस्तीला तिथे सगळे कम्युनिटीच म्हणतात) काहीशे माणसं राहतात. क्लिनिकात दोन-चार नर्सेस आणि एखादी अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर (त्याच समाजातली प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी) असते. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, एरवी फोनवर. तापाचं मूल, छातीत दुखणारा माणूस, कळा सुरू झालेली बाई, कुत्र्याने चावलेला पोरगा, सगळे त्याच दारातून येतात आणि पहिल्यांदा तपासणारी नर्सच असते. आयसीयूत तुम्ही कितीही तरबेज असा, तिथे निदान झालेला पेशंट येतो. इथे ते झालेलं नसतं.

हे काम ज्या पुस्तकाच्या आधारावर चालतं ते कार्पा मॅन्युअल. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये तयार होतं, २०२२ मध्ये आठवी आवृत्ती आली, इंटरनेटवर मोफत आहे. लक्षणावरून सुरुवात, आधी काय बघायचं, काय करायचं, कोणतं औषध वजनानुसार किती, आणि कुठल्या टप्प्यावर डॉक्टरला फोन करायचा हे त्यात लिहिलेलं आहे. ‘मेडिकल कन्सल्ट’ असं छापलेलं असेल तिथे फोन करायचाच, तो ऐच्छिक नसतो. आजपासून रोज एक प्रकरण वाचा. नोकरीच्या मुलाखतीत कुणी ‘मी कार्पा वाचलंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच त्यातलाच येतो, तेव्हा उगाच म्हणू नका.

पहिली नोकरी सिडनी-मेलबर्नला घेण्यापेक्षा अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरिन, माउंट आयझा, ब्रूम असल्या ठिकाणच्या रुग्णालयात घ्या, आणि जमलं तर इमर्जन्सीत. कम्युनिटीतून विमानाने पाठवलेले पेशंट तिथेच उतरतात, त्यामुळे आजार ओळखीचे होतात. फोनवरून केस सांगणारी नर्स नीट सांगते कशी आणि घोटाळा करते कुठे, हेही ऐकून ऐकून कळतं. तेवढ्यात क्रानाप्लस या संस्थेचे रिमोट इमर्जन्सी केअर आणि मॅटर्निटी इमर्जन्सी केअर हे छोटे कोर्स करा, एएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांचा कोर्स) करा, लसीकरणाचं प्रमाणपत्र घ्या. गिअरची गाडी चालवता आली पाहिजे. क्लिनिकची अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे बऱ्याचदा टोयोटाची ‘ट्रूपी’ ही मोठी जीप, आणि ती चालवणार तुम्हीच. नॉर्दर्न टेरिटरीत मुलांसोबत काम करायला ऑकर कार्ड लागतं, आणि अ‍ॅबोरिजिनल जमिनीवर पाऊल ठेवायला परमिट. अनेक वस्त्यांत दारूबंदी आहे, सामानात एक बाटली निघाली तरी गुन्हा.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण गैरसमज इथे सर्वांत जास्त. माहितीपटात दिसतं ते विमान, रात्रीची धावपट्टी, स्ट्रेचर. ते असतं. विमान उतरण्याआधी धावपट्टीवरून गाडी फिरवून कांगारू आणि गुरं हाकलावी लागतात, हेही खरं. पण आठवड्यातले बहुतेक तास यादीवर जातात, आणि ती यादी बरीचशी पेनिसिलिनची असते.

घशात किंवा त्वचेच्या फोडांमध्ये स्ट्रेप्टोकोकस हा जंतू, त्यातून र्‍हुमॅटिक फिव्हर, त्यातून हृदयाच्या झडपा खराब. आपल्याकडेही हा आजार आहे. ऑस्ट्रेलियात तो शहरांतून जवळजवळ गेला आणि आदिवासी वस्त्यांत राहिला, कारण घरं अपुरी, एका खोलीत माणसं जास्त, नळ आणि मोऱ्या नादुरुस्त. एकदा र्‍हुमॅटिक फिव्हर झालेल्या मुलाला बेन्झाथिन पेनिसिलिन दर २८ दिवसांनी द्यावं लागतं, किमान पाच वर्षं, आणि पुष्कळांना एकविशी ओलांडेपर्यंत. एकोणतिसाव्या दिवसापासून ते मूल उघड्यावर पडतं. म्हणून शहाणी नर्स अठ्ठावीसची वाट बघत नाही, एकविसाव्या दिवसापासूनच शोधायला लागते. मूल शाळेत असेल तर सोपं. अंत्यविधीसाठी कुटुंब तीनशे किलोमीटरवर गेलं असेल, तर तिथल्या क्लिनिकला फोन करून इंजेक्शन तिथेच दिलं जाईल असं बघायचं आणि दिल्याची नोंद आपल्याकडे आणायची. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त चुकते. मग एकाच मुलाला दोनदा टोचलं जातं, नाहीतर एकदाही नाही.

टोचण्याची रीत नीट शिकून घ्या, कारण पुढच्या महिन्यात मूल येणार की पळणार हे त्यावर ठरतं. वीस किलोच्या वर १२ लाख युनिट, त्याखाली निम्मं. औषध दाट आणि पांढरं असतं. फ्रीजमधून काढून लगेच देऊ नका, सिरिंज तळहातात फिरवत खोलीइतकी कोमट होऊ द्या. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असताना सुई गेली की झोंबतं. जागा व्हेंट्रोग्लूटियल, म्हणजे कुल्ह्याची बाजू. तिथे अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाबून धरा, मग २१ नंबरची सुई, आणि २.३ मिली औषध दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश सोडा. बाहेर दहाजण बसलेले असताना तीन मिनिटं फार लांब वाटतात आणि हात आपोआप जोर लावतो. तिथेच बिघडतं. आपल्याकडे पेनिड्युअरची (याच औषधाचा इथला ब्रँड) भुकटी कालवून दिलेल्यांना सुई चोंदण्याचा त्रास पाठ असेल. ऑस्ट्रेलियात भरलेली सिरिंज मिळते, पण २०२३-२४ च्या तुटवड्यात तिथेही भुकटीच्या कुप्या आयात कराव्या लागल्या होत्या. तेव्हा हा हात असलेल्या नर्सेसची किंमत कळली असणार.

डायलिसिस केलेल्यांनी पुढचं लक्ष देऊन वाचा. वाळवंटातल्या लोकांना मूत्रपिंड गेलं की अ‍ॅलिस स्प्रिंग्जला कायमचं राहावं लागे, आठवड्यातून तीनदा मशीन, घर पाचशे किलोमीटरवर. २००० मध्ये किंटोर आणि कीवीरकुरा या वाळवंटी वस्त्यांतल्या चित्रकारांनी चित्रं काढून लिलावाला लावली, दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली, आणि त्यातून पर्पल हाउस ही लोकांची स्वतःची संस्था झाली. किंटोरमध्ये मशीन बसलं, पुढे आणखी वस्त्यांत. नोव्हेंबर २०१८ पासून दूरच्या वस्तीत नर्सने केलेल्या डायलिसिसला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून पैसे मिळू लागले, त्यामुळे ही कामं देणग्यांवर लटकून राहिली नाहीत. फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातात जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीला) सुई घालणारा स्थिर हात आणि बिघडलेल्या मशीनसमोर न घाबरणारं डोकं असेल, तर रिमोटला शिरायला माझ्या मते हा सर्वांत सरळ रस्ता आहे.

बोलण्याबद्दल. वॉर्लपिरी, पिचन्चाचारा, योलंगू भाषा बोलणाऱ्या माणसाची इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असू शकते. ‘औषध घेतलंस ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच, त्या ‘हो’ला काही अर्थ नाही. ‘सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या, दाखव’ असं विचारा, आणि गप्प बसा. उत्तराआधीची शांतता भरून काढायची आपली सवय तिथे नडते. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडला माडिया बोलणाऱ्यांसोबत काम केलेल्या सिस्टरला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुरुषांच्या तक्रारी पुरुषानेच ऐकायच्या असतात, बायकांच्या बायकांनी. जावई आणि सासू एका खोलीत बसत नाहीत, म्हणून वेटिंग रूममधून कुणी न सांगता उठून गेलं तर ‘पेशंट पळाला’ असं लिहून मोकळं होऊ नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. या सगळ्यात आधी विचारायचं ते हेल्थ प्रॅक्टिशनरला. ती तिथलीच आहे, तुम्ही गेल्यावरही असणार आहे.

सुरक्षेचा प्रश्न टाळू नका. मार्च २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्रेगन या वस्तीत रात्री कॉलवर असलेल्या गेल वुडफोर्ड या नर्सचा खून झाला. त्यानंतर त्या राज्यात ‘गेल्स लॉ’ आला, २०१९ पासून लागू आहे: वेळेबाहेरच्या कॉलला नर्सने एकटीने जायचं नाही, सोबत दुसरी व्यक्ती हवी. इतर राज्यांत हे बरंचसं मालक संस्थेच्या नियमांवर आहे. म्हणून मुलाखतीत तुम्ही विचारा: सोबत कोण येतं, रात्री दोन वाजता ती माणसं खरंच फोन उचलतात का, त्यांना पैसे कोण देतं, क्लिनिकच्या गाडीत सॅटेलाइट फोन आहे का. उत्तर ‘आम्ही अ‍ॅडजस्ट करतो’ असं आलं, तर ती नोकरी सोडून द्या. मन थकलं तर क्रानाप्लसची बुश सपोर्ट लाइन दिवसरात्र मोफत आहे, घरच्यांसाठीही.

पैशाबद्दल थोडं. घर किंवा घरभाड्यात सवलत, रिमोट भत्ता, कॉलचे पैसे, वर्षातून काही वेळा शहरापर्यंतचं भाडं असं मिळून आकडा फुगतो. वस्तीच्या दुकानातल्या टोमॅटोचा भाव मात्र जाहिरातीत नसतो. अतिदुर्गम भागात राहणाऱ्यांना करात १,१७३ डॉलरची मूळ सूट आहे, पण नेहमीचं घर तिथे असेल तरच. चार आठवडे जाऊन परत डार्विनला येणाऱ्यांना ती २०१५ पासून मिळत नाही, आणि एजंट हे सांगत नाहीत.

नव्यातली खरी मोठी बातमी सप्टेंबर २०२५ ची. ३० तारखेपासून रजिस्टर्ड नर्सला औषध लिहून देण्याची मान्यता मिळवता येते. त्यासाठी गेल्या सहा वर्षांत ५,००० तास प्रत्यक्ष काम, ठरलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि नंतर सहा महिने मार्गदर्शकाच्या हाताखाली काम हवं. ती नर्स डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (जादा अधिकार असलेली वरिष्ठ नर्स) यांच्यासोबतच्या करारानुसार लिहिणार, आणि राज्याचा कायदा जुळलेला असावा लागतो. पाच हजार तास म्हणजे पूर्णवेळ नोकरीची साधारण पावणेतीन वर्षं. वर सांगितलेली इमर्जन्सीतली वर्षं यात धरली जावीत म्हणून ड्यूटीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आणि कायमची जागा घेण्याआधी चार-सहा आठवडे दुसऱ्या कुणाच्या जागी तात्पुरतं काम एकदा करून बघा, शक्यतो तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत. टॉप एंडमध्ये (नॉर्दर्न टेरिटरीच्या उत्तर टोकाला) तेव्हा पावसाने रस्ते बंद असतात, वाळवंटात पारा चाळिशीवर असतो, आणि क्लिनिकमधले निम्मे लोक रजेवर गेलेले असतात.