तुम्ही विचारलंत म्हणून : शिकवलेला मुलगा तुरुंगात गेला, तर?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले शिक्षक हा प्रश्न बहुधा बाजूला घेऊनच विचारतात : आपल्याकडे शिकलेला मुलगा आत आहे, संबंध ठेवावा का, आणि ठेवायचा तर नेमकं काय करायचं? ठेवावा. घरचे लोक वकील आणि तारखा यांतच पिचलेले असतात. त्याच्या शिक्षणाकडे बघायला कुणी उरत नाही, आणि त्यासाठी लागणारे कागद तर शाळेच्याच कपाटात असतात.

सुरुवात पत्रानं करा. त्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक (कैदी म्हणून मिळालेला नंबर) कळला असेल तर तो, आणि ‘मा. अधीक्षक यांच्यामार्फत’ एवढं पत्त्यात हवं. पत्र आत जाण्याआधी वाचलं जातं, म्हणून खटल्याबद्दल एक अक्षरही नको. ‘असं का केलंस?’ हे तर मुळीच विचारू नका. कच्च्या कैद्यावर, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यावर, काही सिद्ध झालेलं नसतं, आणि त्यानं भाबडेपणानं दिलेलं उत्तर त्याच्यावरच उलटू शकतं. काय वाचतोस, गणित कुठवर आलं होतं, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तरी महिन्याला एक पत्र जाऊ द्या. आधी चार पत्रं आणि मग वर्षभर काहीच नाही, हे त्याला फार लागतं.

भेटायला जाण्याआधी त्याच्या आईला विचारा. मुलाखतींची, म्हणजे कारागृहातल्या भेटींची, संख्या ठरलेली असते. तुम्ही गेलात आणि तिची पाळी गेली, असं होऊ नये. वही-पुस्तक नेणार असाल तर स्पायरलची तार, टाचण्या आणि जाड पुठ्ठा टाळा, आणि काय चालेल ते आधी कारागृहात विचारून घ्या.

खरं काम परीक्षेचं. दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण लागतं. सोबत मूळ शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आणि इथेच आठवडे जातात. फॉर्मची मुदत साधारण गणपतीच्या आसपास संपते, पुढे विलंब शुल्क. म्हणून जूनमध्येच जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांच्या नोंदींची वही, काढून बसा.

अडतं ते बदलीपाशी. रत्नागिरीच्या विशेष कारागृहात असताना फॉर्म कोकण विभागीय मंडळात भरला जातो. मोठी शिक्षा लागून मुलगा कळंब्याला, कोल्हापूरच्या मध्यवर्ती कारागृहात, गेला की तो कोल्हापूर मंडळाच्या हद्दीत जातो. संपर्क केंद्र, म्हणजे ज्या शाळेमार्फत फॉर्म भरला ती, इकडे, विद्यार्थी घाटावर. खटल्याचा निकाल जवळ आला असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाशी आणि कारागृहातल्या शिक्षकाशी बोला. बदली झालीच तर दोन्ही अधीक्षकांना आणि मंडळाला लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं टिकत नाही. कच्च्या कैद्याला परीक्षेला बाहेर न्यायचं तर न्यायालयाची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त, दोन्ही लागतात. हॉल तिकीट आल्याच दिवशी वकिलाकडून अर्ज करवून घ्या. आदेश झाला पण गार्ड मिळाला नाही, म्हणून पेपर बुडतो. बारावीच्या पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची अभ्यासकेंद्रं काही मोठ्या कारागृहांत आहेत.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर शाळेची जबाबदारी आणखी कडक. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४नुसार त्याची ओळख, शाळेचं नावही, प्रसारमाध्यमांत उघड करणं हा गुन्हा आहे. वार्ताहराचा फोन आला तर काही सांगू नका. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावरची चर्चाही मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी थांबवावी, कारण गावात नाव तिथूनच पसरतं. प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनीही त्याची नोंद द्यायची नसते, हे त्याच्या घरच्यांना जरूर सांगा.

सुटल्यावर मुलगा शाळेकडे फिरकत नाही, लाजतो. तुम्हीच त्याच्या वाडीवर जा, पण गाडी घेऊन चारचौघांत नको. पहिल्या भेटीत उपदेश नको. आयटीआयचे प्रवेश कधी सुरू होतात ते सांगा, बोनाफाईड आणि गुणपत्रकाच्या प्रती द्या. चारित्र्याचा दाखला मागितला तर तो शाळेत असतानाची वर्षं, हजेरी आणि रजिस्टरमधली वर्तणुकीची नोंद एवढंच लिहा, त्यापुढचं पदरचं काही नको. सही-शिक्क्याची एक प्रत शाळेच्या फाइलीत ठेवा : तुमची बदली झाली तरी पुढच्या मुख्याध्यापकांना ती सापडायला हवी.